शोध आणि शब्द : शोधयंत्राला प्रश्न विचारण्याची रीत



ज्या शाळेच्या बाकांवर बसून मी अक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान आज मला मिळत आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या मराठीच्या तासाला शब्दकोश पाहण्याचा एक नेम असे. एखादा मुलगा कोश मिटून म्हणे, "गुरुजी, हा शब्द कोशात नाही." त्यावर गुरुजी शांतपणे विचारीत, "नाही, की तुला सापडला नाही?" पुन्हा कोश उघडला जाई आणि बहुधा तो शब्द दुसऱ्या पानावर, ऱ्हस्वाऐवजी दीर्घ होऊन किंवा मूळ धातूच्या पोटात बसलेला आढळे. पुढे ग्रंथपालाच्या नोकरीत माझी तीन दशके गेली. त्या काळात वाचकांना मी जे काही साह्य करू शकलो, ते या एका प्रश्नाच्या बळावर.

आज बहुतेक माणसे ग्रंथपालाकडे न जाता खिशातील फोनवरच्या शोधयंत्राकडे जातात. याविषयी माझी तक्रार नाही. वाचकाचा वेळ वाचवावा, हे ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी एक आहे. डॉ. रंगनाथन यांनी ते पाच नियम १९३१ साली ग्रंथरूपाने मांडले. शोधयंत्र हा नियम पाळते. मात्र 'इंटरनेटवर काहीच मिळाले नाही' असे हताश उद्गार मी वारंवार ऐकतो, आणि दर वेळी गुरुजींचा प्रश्न आठवतो. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी हाच विषय निवडला.

यंत्र नेमके काय करते?

भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत 'अल्टाव्हिस्टा' हे शोधयंत्र लोकांपुढे आले आणि सप्टेंबर १९९८ मध्ये 'गूगल' कंपनीची स्थापना झाली. तेव्हापासून यंत्रे पुष्कळ सुधारली, पण त्यांच्या कामाचा गाभा बदललेला नाही.

आपण प्रश्न विचारतो त्या क्षणी यंत्र जगभर धावत सुटते, अशी अनेकांची समजूत असते. तसे घडत नाही. यंत्राने कोट्यवधी पाने आधीच वाचून ठेवलेली असतात आणि त्यांची एक प्रचंड शब्दसूची तयार केलेली असते. जाड ग्रंथाच्या शेवटी सूची असते, त्यात शब्द आणि त्यापुढे पृष्ठांक दिलेले असतात. हीही तशीच सूची आहे, फक्त तिच्यात जगातील पानांचे पत्ते असतात. आपण चार शब्द लिहिले की यंत्र ही सूची चाळते, शब्द जेथे एकत्र आढळतात ती पाने निवडते आणि त्यांचा क्रम लावते.

क्रम लावताना पाहिल्या जाणाऱ्या अनेक गोष्टींपैकी दोन आपण ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे शब्दाची दुर्मिळता. केंब्रिजमधील संशोधक कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली असे प्रतिपादन केले की जो शब्द थोड्याच लेखांत येतो, त्याला शोधात अधिक वजन द्यावे. 'माहिती', 'इतिहास', 'शाळा' हे शब्द असंख्य पानांवर असतात, त्यामुळे ते निवडीला फारसा हातभार लावीत नाहीत. 'पेंड्रा' हे गावाचे नाव मोजक्या पानांवर असते, म्हणून तो एकच शब्द आपल्याला नेमक्या ठिकाणी पोहोचवतो. दुसरी गोष्ट म्हणजे इतरांनी दिलेली साक्ष. ज्या पानाकडे इतर अनेक पाने दुव्याने बोट दाखवतात ते वजनदार मानावे, हा विचार गूगलच्या संस्थापकांनी १९९८ मध्ये मांडला. विद्वानांच्या लेखनात एखाद्या ग्रंथाचा वारंवार उल्लेख यावा आणि त्यावरून त्याची योग्यता ठरावी, असाच हा प्रकार. मात्र लोकप्रिय पान सत्य असतेच असे नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.

उत्तराच्या शब्दांत प्रश्न

यंत्राजवळ शब्दसूची आहे, हे एकदा ध्यानी आले की शोधाचा मुख्य नियम आपोआप हाती येतो. आपल्याला सुचलेल्या शब्दांत विचारू नये. ज्याने उत्तर लिहून ठेवले असेल त्याने कोणते शब्द वापरले असतील याचा विचार करावा आणि त्या शब्दांत विचारावे. माझ्या आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

याचे उदाहरण आपल्या गावाच्या जखमेतूनच घेतो. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री, ३ तारीख उजाडण्यापूर्वी, युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्या रात्री रुग्णालयांत माणसांचे लोंढे येत होते, आणि हा वायू कोणता व त्यावर उपचार काय, याची निश्चित माहिती उपचार करणाऱ्या डॉक्टरांजवळ नव्हती. त्या द्रव्याविषयी जगात जी काही माहिती होती, ती मोजक्या लोकांच्या कपाटांत होती. ज्यांना हवी होती त्यांच्या हाती ती नव्हती. माहिती असणे आणि ती सापडणे यांतील अंतर किती भयंकर असू शकते, हे भोपाळकरांना वेगळे सांगावे लागत नाही.

आता असे समजा की शाळेतील एखाद्या विद्यार्थिनीला या घटनेवर निबंध लिहावयाचा आहे. ती लिहिते, 'भोपाळमध्ये गॅस का गळला'. तिला काही पाने मिळतील, पण बहुतेक एकमेकांची नक्कल असलेली. तिने थोडे थांबून असा विचार करावा की या घटनेवर कोणी कोणी लिहिले असेल? रसायनशास्त्रज्ञांनी लिहिले असेल, तर ते 'गॅस' असे मोघम न म्हणता 'मिथाइल आयसोसायनेट' म्हणतील. अभियंत्यांनी लिहिले असेल, तर ज्या टाकीत पाणी शिरले तिचा क्रमांक, म्हणजे ६१०, त्यांच्या लेखात असेल. वकिलांनी व न्यायालयांनी लिहिले असेल, तर पक्षकारांची नावे येतील, 'युनियन कार्बाइड कॉर्पोरेशन' आणि 'भारत सरकार'. त्यात १९८९ च्या तडजोडीचा व ४७ कोटी डॉलर या रकमेचा उल्लेख सापडेल. हिंदी वृत्तपत्रे 'गैस त्रासदी' किंवा 'गैस कांड' म्हणतील, मराठी वृत्तपत्रे 'वायुदुर्घटना' म्हणतील, आणि इंग्रजी ग्रंथांतून 'भोपाल डिझास्टर' हा शब्दप्रयोग येईल.

घटना एकच, पण लिहिणारे निरनिराळे आणि त्यांचे शब्दही निरनिराळे. त्या विद्यार्थिनीने रसायनाचे नाव, टाकीचा क्रमांक आणि 'पाणी' हे तीन शब्द इंग्रजीत लिहून पाहावेत. मघाच्या उथळ पानांऐवजी तांत्रिक अहवाल व शास्त्रीय लेख तिच्यापुढे येऊ लागतील. पहिल्या शोधात जे एक चांगले पान मिळेल ते वाचावे, त्यातील विशेष शब्द टिपावेत आणि ते शब्द घेऊन दुसरा शोध घ्यावा. पहिला शोध उत्तरासाठी नसतो, शब्दांसाठी असतो. चांगला शोधक दोन-तीन फेऱ्यांनंतरच मुक्कामी पोहोचतो.

भोपाळ की भोपाल?

बृहन्महाराष्ट्रात राहणाऱ्या आपणा मराठी माणसांना शोधात आणखी एक अडचण येते, आणि एक सोयही मिळते. आपण आपल्या गावाचे नाव 'भोपाळ' असे लिहितो, शेजारी 'भोपाल' असे लिहितात. एका अक्षराचा हा भेद; पण 'ळ' लिहिला की प्रामुख्याने मराठी पाने पुढे येतात आणि 'ल' लिहिला की हिंदी. आजची शोधयंत्रे असे काही भेद आपणहून ओळखतात, पण नेहमीच ओळखतील असा भरवसा धरू नये. दोन्ही लिपिरूपे आपल्याला अवगत आहेत, तेव्हा दोन्ही वापरावीत.

पंडित माधवराव सप्रे यांचेच उदाहरण पाहा. त्यांचा जन्म १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. मातृभाषा मराठी असूनही त्यांनी आयुष्य हिंदीच्या सेवेत वेचले. १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून मासिक काढले, लोकमान्यांचे 'गीतारहस्य' आणि समर्थांचा 'दासबोध' हिंदीत आणले. त्यांच्याविषयी शोध घेताना ध्यानात येते की हिंदीत त्यांचे नाव कोठे 'माधवराव' असे जोडून, तर कोठे 'माधव राव' असे तोडून लिहितात. त्यांच्या मासिकाचे नाव हिंदीत 'छत्तीसगढ़ मित्र' आहे. आपण मराठी वळणाने 'छत्तीसगड' लिहिले, तर मूळ साहित्य निसटण्याचा संभव असतो. त्यांच्या नावाचे वृत्तपत्र संग्रहालय आपल्याच भोपाळात आहे. त्याच्या नावातील 'स्मृति' हा शब्द हिंदी प्रथेप्रमाणे ऱ्हस्वान्त आहे, आपण तो 'स्मृती' असा दीर्घान्त लिहितो.

काळाप्रमाणेही लेखन बदलते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये आले आणि त्यांच्यात १९७२ मध्ये भर पडली. त्यापूर्वीच्या पुस्तकांत 'तें पुस्तक', 'घरें', 'कवि' असे लेखन आढळते. जुन्या पुस्तकातील वाक्य शोधावयाचे असेल, तर ते जुन्या अनुस्वारांसह लिहून पाहावे.

गावांची आणि प्रांतांची नावे तर पिढीगणिक बदलतात. माझे वडील १९५६ साली, १ नोव्हेंबरला नवे मध्यप्रदेश राज्य झाले तेव्हा, सचिवालयाच्या नोकरीत नागपूरहून भोपाळला आले. ते ज्या कार्यालयात आधी काम करीत होते, त्याचे जुने कागद मी बरेच दिवस 'मध्यप्रदेश' या नावाखाली शोधीत बसलो. पुढे ध्यानात आले की स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांवर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' हे नाव असणार. ते नाव इंग्रजीत लिहिताच जिल्ह्यांची जुनी गॅझेटियर्स एकामागून एक समोर आली. त्यांत सागर गावाचे स्पेलिंग एस-ए-यू-जी-ओ-आर असे आहे; आजचे स्पेलिंग लिहून ती पाने कशी मिळावीत?

काही उपयुक्त खुणा

आता काही खुणा सांगतो. त्या आपण घरी करून पाहाव्यात.

शब्द ज्या क्रमाने हवे असतील, त्याच क्रमाने एकत्र हवे असतील, तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावेत. 'माधवराव सप्रे' हे दोन शब्द सुटे लिहिले, तर एखाद्या माधवरावांचे आणि दुसऱ्याच कोणा सप्र्यांचे एकत्र उल्लेख असलेले पानही येईल. अवतरणात लिहिल्यास हा घोटाळा टळतो.

नको असलेला विषय वगळण्यासाठी त्या शब्दामागे, जागा न सोडता, वजाचिन्ह लावावे. भोपाळचा इतिहास शोधू गेल्यास १९८४ ची घटना सर्व पाने व्यापून टाकते. ते स्वाभाविक आहे. परंतु १८१९ ते १९२६ या काळात या संस्थानावर ज्या चार बेगमांनी राज्य केले, त्यांच्याविषयी वाचावयाचे असेल, तर 'गॅस' हा शब्द वजा करावा आणि 'बेगम' हा शब्द जोडावा.

एकाच संकेतस्थळात शोधावयाचे असेल, तर रोमन लिपीत 'साइट' हा शब्द लिहून त्यापुढे अपूर्णविराम द्यावा आणि मध्ये जागा न सोडता त्या स्थळाचा पत्ता लिहावा. 'मराठी विश्वकोशा'चा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो कोश आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. त्याचा पत्ता या रीतीने जोडला, तर केवळ विश्वकोशातील नोंदी पुढे येतात. सरकारी माहिती हवी असल्यास पूर्ण पत्त्याच्या जागी नुसते 'गव्ह डॉट इन' रोमनमध्ये लिहावे. अहवाल किंवा छापील स्वरूपातील कागद हवा असल्यास 'फाइलटाइप' हा शब्द, अपूर्णविराम आणि 'पीडीएफ' असे रोमनमध्ये जोडावे. दोन पर्यायांपैकी कोणताही चालणार असेल, तर त्यांच्यामध्ये इंग्रजी 'ऑर' मोठ्या अक्षरांत लिहावा. 'भोपाळ' आणि 'भोपाल' एकाच वेळी शोधण्यास हा उपाय चांगला.

एखादे पान पूर्वी पाहिले होते आणि आता उघडत नाही, अशा वेळी 'इंटरनेट आर्काइव्ह' या संस्थेकडे जावे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने जगातील असंख्य पानांच्या जुन्या प्रती जपून ठेवल्या आहेत. पत्ता ठाऊक असल्यास ते पान एखाद्या जुन्या तारखेला कसे दिसत होते, हे बहुधा पाहावयास मिळते.

सापडले, पण खरे आहे काय?

मिळाले म्हणजे संपले, असे नाही. माझ्या नात्यातील एका वयोवृद्ध गृहस्थांना बँकेच्या खात्याविषयी काही विचारावयाचे होते. त्यांनी शोधयंत्रात बँकेचे नाव आणि 'ग्राहक सेवा क्रमांक' असे लिहिले व जो क्रमांक सर्वांत वर आला तो फिरविला. पलीकडचा माणूस अदबीने बोलला, त्याने फोनमध्ये एक लहानसा प्रोग्राम घालावयास सांगितला, आणि अर्ध्या तासात निवृत्तिवेतनातून साठविलेली बरीचशी रक्कम नाहीशी झाली. तो क्रमांक बँकेचा नव्हताच. खरा क्रमांक त्यांच्या कार्डाच्या मागील बाजूस छापलेला होता, शोधण्याची गरजच नव्हती.

त्यांचे शब्द चुकले नव्हते. चुकला तो भरवसा. सर्वांत वर असलेली ओळ सर्वांत खरी असते, असे त्यांनी मानले. पुष्कळदा वरच्या ओळी पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात. त्यांच्याशेजारी बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असे लिहिलेले असते, ते वाचावे. पैसा, औषध आणि कायदा या तीन बाबतींत तरी पान कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि त्याचा त्यात काय लाभ, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. बँकेचे क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डावरूनच घ्यावेत. दुर्दैवाने फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. अशा वेळी प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

२०२४ पासून तर शोधयंत्रे अनेकदा पानांच्या यादीआधी कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर दाखवू लागली आहेत. ही सोय मोठी आहे. मीही ती वापरतो. परंतु हे उत्तर अनेक पानांतील मजकूर एकत्र करून रचलेले असते, आणि ते चुकीचे असले तरी त्याची भाषा तितकीच ठाम असते. त्या उत्तराशेजारी मूळ पानांचे दुवे असतात. ते उघडून सांगितलेली गोष्ट तेथे खरोखर आहे की नाही, हे पाहावे. प्रस्तावना वाचून ग्रंथावर मत देऊ नये, असे आपले गुरुजन सांगत, तेच येथे लागू पडते.

जे जाळ्यात नाही

शेवटचा मुद्दा माझ्या मनाच्या फार जवळचा आहे. शोधयंत्र अक्षरे वाचते. जे अक्षररूपाने त्याच्यापुढे आलेच नाही, ते त्याला दिसत नाही. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी, म्हणजे १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरची काही वर्षे, अनेक मराठी व हिंदी संकेतस्थळे स्वतःचे वेगळे टंक वापरीत. तो मजकूर आपल्या डोळ्यांना देवनागरी दिसे, पण यंत्राच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरांची रास होती. तसेच अनेक जुनी पुस्तके केवळ छायाचित्रांच्या स्वरूपात इंटरनेटवर ठेवलेली आहेत. त्यांचे शीर्षक सापडते, आतील ओळ सापडत नाही. आणि ज्यांचे छायाचित्रही घेतले गेले नाही, असे कागद तर अगणित आहेत.

म्हणूनच १९८४ मध्ये भोपाळात स्थापन झालेले सप्रे संग्रहालय मला शोधयंत्राचा जोडीदार वाटते. तेथे जुनी वृत्तपत्रे आणि नियतकालिके जतन केलेली आहेत. शोधयंत्राने सांगावे की अमुक नावाचे मासिक अमुक साली निघत असे. मग आपण संग्रहालयात जावे, पिवळ्या पडलेल्या पानांवरून हलकेच बोट फिरवावे आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. आपल्या घरांतील जुन्या पेट्यांत आजोबांची पत्रे, स्मरणिका, संमेलनांच्या पत्रिका पडलेल्या असतील. भोपाळातील मराठी माणसांचा इतिहास पुष्कळसा अशाच कागदांवर आहे. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की त्यांतील एखादा तरी मजकूर युनिकोडमध्ये टंकित करावा, त्यावर तारीख व गावाचे नाव घालावे, गाव 'भोपाळ' आणि 'भोपाल' असे दोन्ही प्रकारे लिहावे, आणि तो कोठेतरी सर्वांना वाचता येईल असा ठेवावा. आपण न लिहिलेले उद्या कोणालाही सापडणार नाही.

मित्रहो, साधने बदलली, तरी शोधणाऱ्याची वृत्ती बदलण्याचे कारण नाही. पडद्यावर काही आले नाही, तर फोन बाजूला ठेवण्यापूर्वी एकदा स्वतःला विचारावे : नाही, की मला सापडले नाही? एखादा शब्द बदलून पाहावा, एखादी वेलांटी बदलून पाहावी, भाषा बदलून पाहावी, आणि तरीही न मिळाले तर उठून ग्रंथालयाची वाट धरावी. ही सवय ज्यांनी आम्हांला लावली, त्या गुरुजींच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी आपली रजा घेतो.